शर्वाणी नावडती झाली तो हंगाम

सकाळी वहिनीचा फोन आला. "ताई, गुरुवारी सीतादई हाय. येजा. अन् हात हलवत येजा, काई आनू नका. दही त बिलकुलच आनू नका." एवढं बोलून तिनं फोन ठेवलासुद्धा. मी सिंदी मेघेच्या माझ्या घरात, गॅलरीत उभी होते. खालून कापसानं शिगोशीग भरलेला ट्रॅक्टर गेला आणि जाता जाता तारेला, बाभळीला, कुणीतरी वाळत घातलेल्या टॉवेलला पांढरे पुंजके लावून गेला. कार्तिक लागला की आमच्या जिल्ह्यात रस्त्यांनाही कापूस फुटतो. नाकात तो कोरडा, धुळकट, थोडा सरकीचा वास भरला आणि क्षणभर बरं वाटलं. तेवढ्यात शेजारच्या घरातून एका बाईचं रडणं सुरू झालं.

बाई खरी नव्हती. नव्या मालिकेची नायिका होती. संध्याकाळचा भाग सकाळी पुन्हा दाखवतात आणि शेजारच्या काकू तो पुन्हा बघतात, आवाज वाढवून, म्हणजे माझीही सोय. "किती सोसते हो पोरगी," काकू गॅलरीत येऊन म्हणाल्या. डोळे खरोखर ओले होते. मी म्हटलं, "काकू, पुढच्या पोळ्यापर्यंत थांबा. तुम्हीच तिला शिव्या घालाल." त्यांना राग आला. येऊ दे. मी हे एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं आहे, पडद्यावर आणि पडद्याबाहेरही. तेव्हापासून कुणी कुठल्या नायिकेसाठी हळहळलं की माझं डोकंच उठतं.

माझं माहेर रोहण्याचं. घरची शेती, त्यात कापूस आणि मधे मधे तुरीचे तास, म्हणजे ओळी. वडील फार आधी गेले. शेत दादानं, विलासनं, सांभाळलं, आणि एका उन्हाळ्यात कारंज्याहून परत येताना दादाही हायवेवर अपघातात गेला. मागे राहिल्या आई आणि सुनंदावहिनी. वहिनीची मुलगी नागपूरला शिकायला. मी वर्ध्याला एका कार्यालयात नोकरीला, शनिवार-रविवारी एसटीनं जाणारी, म्हणजे शेतीच्या हिशेबात पाहुणीच. शर्वाणी नावाची नायिका असलेली मालिका त्याच वर्षी सुरू झाली. त्यामुळे माझ्या डोक्यात त्या दोघी एकमेकींना चिकटून बसल्यात, शर्वाणी आणि वहिनी. सोडवायला गेलं की दोघींचेही धागे निघतात.

शर्वाणी आधी सगळ्यांची लाडकी होती, हे कबूल करायला हवं. सासरी पहिल्याच दिवशी तिनं दूध उतू घालवलं. ती कुत्र्याला भ्यायची. हसू आलं की पदर तोंडात कोंबायची. आमच्या शेतात कापूस वेचता वेचता बायांनी ते दूध किती दिवस पुरवलं म्हणून सांगू! "माह्यं बी असंच झालतं," रुखमाबाई म्हणाल्या. "म्या त दुधासकट गंजीच जाळून टाकलती. सासूनं थे काळी गंजी आठ दिवस दारात ठेवली, येनाऱ्या-जानाऱ्याले दिसाव म्हनून." रुखमाबाई म्हणजे गावातल्या वेचणाऱ्या बायांच्या म्होरक्या. साठीच्या, काटक, आवाज असा की तीन शेतं पलीकडचा बैलही मान वर करतो. त्या ज्या शेतात लागतील तिथं बाकीच्या जातात. त्यांनी त्या जळक्या पातेल्याचं सांगितल्यावर प्रत्येकीनं आपापलं करपलेलं, सांडलेलं, फुटलेलं काढलं. ओटीत कापूस पडत होता आणि हसू मावत नव्हतं. वहिनीसुद्धा, दादाला जाऊन पाचसहाच महिने झालेले, कितीतरी दिवसांनी हसली, आणि हसता हसता रडायला लागली. मग सगळ्याच रडल्या. रुखमाबाईंनी तिची ओटी सोडून स्वतःच्या गाठोड्यात रिकामी केली, म्हणाल्या, "तू बस वं घडीभर धुऱ्यावर. तुहा तास मी नेते."

त्या वर्षीची सीतादई मला आठवते. आमच्याकडे पहिल्या वेचाच्या दिवशी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, एका झाडाला हळदकुंकू वाहतात, बुडाशी दहीभाताचा नैवेद्य ठेवतात. मग तोच दहीभात मालकिणीनं आणि वेचणाऱ्या बायांनी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून खायचा. खाल्ल्याशिवाय बोंडाला हात लावायचा नाही. इतकी वर्षं पूजा वहिनीच्या हातची असायची. त्या वर्षी ताट विमलच्या हातात गेलं. विमल रुखमाबाईंच्या शेजारची, तरणीताठी, तोंडानं तिखट, आणि सवाष्ण. वहिनी पाठ करून बसली होती. कुणी तिला तसं बस म्हणालं नव्हतं, आणि कुणी तसं बसू नको असंही म्हणालं नाही. दहीभाताचा पहिला घास मात्र विमलनं तिलाच भरवला. त्या हंगामात आमचा कापूस गावात सगळ्यात आधी घरी आला. बाया आपलं घर सोडून वहिनीच्या शेतात राबत होत्या.

मग वर्षभरात शर्वाणीचं काय झालं ते ऐका. लेखकांनी तिच्या चुका काढून घेतल्या. एकेक करून. आता ती पन्नास माणसांचा स्वयंपाक एकटी करायची आणि मीठ कधी चुकायचं नाही. सासऱ्यांची बुडती कंपनी तिनं वाचवली, हिशेब न शिकता. कुत्रासुद्धा तिच्या पायाशी येऊन बसायला लागला. तिला सर्दी होत नाही, तिची साडी चुरगळत नाही, चहा तिच्या अंगावर सांडत नाही. "नवऱ्यानं घरातून हाकलली," विमल म्हणायची, "अन् बया रस्त्यानं चालली त निऱ्या पाह्य कशा! जशी लग्नाले चालली." ती शहाणी दिसावी म्हणून बाकी सगळं घर येडं केलेलं. नवरा येडा, दीर येडा, पोलीस येडा, डॉक्टर त त्याहून येडा. घरात एकटंच शहाणं माणूस असलं की त्याचा किती ताप होतो हे ज्याच्या घरी असेल त्याला विचारा.

आणि एवढं सगळं येणाऱ्या त्या बाईला एक गोष्ट यायची नाही. सांगायला. सासऱ्यांच्या औषधात तिची जाऊ काहीतरी मिसळते, हे तिनं दाराआडून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. कधी? मागच्या वेचणीच्या शेवटाला. नवा कापूस फुटला तरी तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं. रोज सांगायला जायची. रोज ओठ उघडायची. मग तिचं तोंड तीनदा दाखवायचे, एकदा समोरून, एकदा डावीकडून, एकदा ढगांच्या गडगडाटासह, आणि भाग संपायचा. रुखमाबाई पडद्याला म्हणायच्या, "अव सांग नं वं माय! तोंडात का कापूस कोंबला?" माझी तर वेगळीच चिडचिड. एवढी साधी गोष्ट न सांगण्यावर वर्षभर घर चालवतात, आणि आपण वर्षभर ते बघतो. कोण जास्त येडं?

दुसऱ्या कार्तिकात शर्वाणी एकदम बदलून आली. डोळ्यांवर काळा चष्मा, अंगात कोट, आणि कंपनीच्या खुर्चीत बसून सगळ्यांना सुनावणं सुरू. मला वाटलं, चला, बाया खूश होतील. इतके दिवस बोल बोल म्हणून ओरडत होत्या, आता बोलते आहे. कशाच्या खूश! "भल्लीच चढली," विमल म्हणाली. "आंधी कशी गरीब होती." मी कपाळावर हात मारला. रडली तर मुळुमुळू रडते, बोलली तर चढली. या बाईनं करायचं तरी काय, बायांनो? गंमत म्हणजे सगळ्यांना सुनावणारी ती कोटवाली शर्वाणी औषधाचं तेवढं अजूनही सांगत नव्हती.

त्याच कार्तिकात वहिनीही बदललेली होती. तिनं स्कूटी घेतली, पडत-झडत शिकली. बियाणं आणायला ती, कृषी केंद्रात हुज्जत घालायला ती, जिनिंगवर उभी राहायला ती. हे सगळं केलं नसतं तर शेत पडीक राहिलं असतं, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पण ती आता तासाला लागायची नाही. धुऱ्यावर उभी राहून फोनवर बोलायची, मधेच हाक मारायची, "इकडचं सुटून राह्यलं, पाहून वेचा!" चुकीचं काही बोलायची नाही. तिचं काही चुकायचंच नाही. फवारणी वेळेवर, खत वेळेवर, चेहरा इस्त्री केल्यासारखा. दादाचं नाव निघालं की ती विषय बदलायची. संध्याकाळी बाया शर्वाणीबद्दल बोलायला लागत आणि दोन वाक्यांनंतर मला कळेनासं व्हायचं, या "चढली" म्हणताहेत ती कोण.

आणि त्या वर्षीची सीतादई वहिनीनं उरकली. उरकली हाच शब्द. बाया शेतात पोचल्या तेव्हा झाडाला कुंकू लागलेलं होतं, बुडाशी दहीभात होता, वहिनी उदबत्तीची राख झटकत होती. उजाडायच्या आत स्कूटीनं येऊन एकटीनं सगळं केलेलं. बायांना कागदी प्लेटांत दहीभात वाटला. दही आर्वीहून आणलेल्या पाकिटाचं. स्वतः बसली नाही, वजनकाटा लावायला गेली. बायांनी खाल्लं. विमलनं प्लेट तशीच झाडाखाली ठेवली. त्या दिवशी वेचणी झाली, दुसऱ्या दिवशी झाली, आणि तिसऱ्या दिवशी एकही बाई आली नाही. रुखमाबाईंनी निरोप पाठवला, दुसरीकडं लागलो.

वेचणीच्या दिवसांत बाया फिरणं म्हणजे काय, हे कापूस न पाहिलेल्याला सांगून कळणार नाही. शेत पांढरंशुभ्र उभं होतं. बोंडं इतकी फुटलेली की कापूस लोंबून मातीला टेकू पाहत होता. आणि पश्चिमेकडून आभाळ भरून यायला लागलं. कार्तिकातलं आभाळ म्हणजे अवकाळी. फुटलेल्या कापसावर एक सर पडली की तो पिवळा पडतो, चिकटतो, मग त्याला कवडी म्हणतात आणि व्यापारी हातसुद्धा लावत नाही. वहिनी शेजारच्या गावांत फिरून आली. सगळीकडे वेचणी, सगळ्यांनाच बाया हव्यात. दादा गेल्यावर हे पहिलं पीक तिनं स्वतःच्या डोक्यानं घेतलेलं. ते बुडलं असतं तर शेत मक्त्यानं द्या म्हणणारे भाऊबंद दारातच बसलेले होते.

मी कार्यालयातून सुट्टी टाकून गेले. दोन दिवस वहिनी, आई आणि मी तिघी वेचत होतो. सुकलेल्या बोंडाची टोकं बोटांत घुसत होती, माझ्या तर जास्तच, सवय नाही. मागे वळून पाहावं तर वेचलेलं दिसायचं नाही आणि पुढे पाहावं तर शेत संपायचं नाही. माझं डोकं नुसतं फणफणत होतं. वेचता वेचता मी मनातल्या मनात भाषणं करत होते. दया पाटाच्या पाण्यासारखी असते, मी स्वतःला सांगत होते, उतारावरच धावते. बाई खाली बसलेली असेपर्यंत तिच्याकडे येते, उभी राहिली की थांबते. शर्वाणीचं तेच, वहिनीचं तेच. यांना बाई हवी ती अर्धी बुडालेली. पूर्ण बुडाली तर कंटाळा येतो, काठाला लागली तर राग येतो.

दुसऱ्या दिवशी जेवताना आई म्हणाली, "सुनंदे, आज दिवे लागल्यावर रुखमाच्या घरी जाय. साऱ्या तिथंच टीव्ही पाहत राह्यतात. विलासची याद काढ. दोन टिपं गाळ. उद्या येतात पाह्य साऱ्या."

वहिनी भाकरीचा तुकडा मोडत होती. म्हणाली, "अन् रडू नाई आलं त?"

"कांदा नाई का घरात?"

मी उसळले. आईला बोलले, बायांना बोलले, समोर असता तर आभाळालाही बोलले असते. आपल्या गेलेल्या माणसाचं नाव घेऊन मजुरीला बाया बोलवायच्या? त्यापेक्षा सडू दे कापूस. "वहिनी, तू जायचं नाहीस," मी म्हटलं. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं, रागानं नाही, थकून. म्हणाली, "ताई, तुमी रविवारी वर्ध्याले जासान. आभाळ इथंच राह्यते."

मी चपला घातल्या आणि तिच्यासोबत निघाले. तिच्या काळजीनं निघाले म्हणा, किंवा कुणी काही बोललंच तर भांडायला म्हणा. दोन्ही खरं.

रुखमाबाईंच्या घरी मोठा टीव्ही आहे आणि छोटी खोली. दहा-बारा बाया दाटीवाटीनं बसलेल्या. आम्ही उंबऱ्यात जाऊन उभ्या राहिलो. रुखमाबाई नुसत्या म्हणाल्या, "या." विमल थोडी सरकली, पण मान वळवली नाही. आम्ही दाराशीच टेकलो. पडद्यावर शर्वाणी होती. आज कोट नव्हता. सासरे पलंगावर, ती उशाशी, खोलीत दुसरं कुणी नाही. सासऱ्यांनी विचारलं, काय झालं बाळ, काही सांगायचंय का? शर्वाणीचे ओठ उघडले. तोंड समोरून दाखवलं. डावीकडून दाखवलं. आणि ती म्हणाली, काही नाही बाबा.

खोलीत एकच गिल्ला झाला. "अव सांग नं!" "मरन नं थो बुढा!" "वर्स झालं वं तुले!" आणि त्या सगळ्यांत माझ्या कानाशी वहिनीचा आवाज, सगळ्यात मोठा, "सांगून टाक नं वं बयताडे! कायची वाट पाहून राह्यली?"

दोघीचौघींनी वळून पाहिलं. जाहिराती लागल्या. साबणाचा फेस होत होता. वहिनी पडद्याकडेच पाहत हळूच म्हणाली, "भेत असंन थे."

"काय म्हनतं?" रुखमाबाई.

"भेत असंन म्हनलं. सांगतलं अन् कोनी मानलंच नाई त? मंग काय करन?"

रुखमाबाईंनी रिमोट उचलला आणि आवाज बंद केला. त्या घरात चालू टीव्हीचा आवाज बंद झालेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. "तू कोनाले भेली?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं आता कांदा लागणार. नाही लागला. वहिनी कोरड्या डोळ्यांनी, उंबऱ्याची फळी नखानं खरवडत बोलायला लागली. "तुमालेच भेली. सीतादईची पूजा मले कराची होती. शेत मी पाहून राह्यली, पेरलं म्या, त पूजा बी म्या करीन असं वाटलं. पन तुमी नाई म्हनलं असतं त मले सहन झालं नसतं. म्हनून अंधारातच उरकून घेतलं. दही बी लागलं नाई वं माय. विरजन खराब निघालं, आदल्या दिवशी दिवसभर दूध दूधच राह्यलं. सांजीले पाह्यते त पानी अन् फुटक्या. इचारू कोनाले, म्हनून पाकिट आनलं. अन् मंग तुमच्यासंग बसाची हिंमतच नाई झाली. थे वजनकाट्याचं बी खोटंच. मी पऱ्हाटीआड उभी होती."

"मांघच्या वर्सी पूजा म्या केलती," विमल पडद्याकडेच पाहत म्हणाली. "यंदा मले इचारलं बी नाई. पह्यला घास म्या भरवला तुले." मला विमलचा इतका राग आलेला होता, की तिलाही काही लागलं असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

रुखमाबाई म्हणाल्या, "खोटं काऊन सांगू. नवरा नसलेल्या बाईनं पूजा केली म्हनून बोलल्या काईजनी. म्या बी बोलली. पन मले राग आला थो कागदाच्या प्लेटीचा. आमी का भीक मागाले आलतो? शेतात संग राबाचं अन् खाताना तू तिकडं, आमी इकडं." मग म्हणाल्या, "अन् दही लागलं नाई त मंग सांगाचं नं वं माय! दोन घरं सोडून त राह्यते मी. तोंडात का कापूस कोंबलता?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग विमल म्हणाली, तिच्या लग्नानंतर पहिल्या सणाला तिचंही दही असंच लागलं नव्हतं, आणि तिनं सासूला मांजरानं खाल्लं म्हणून सांगितलं होतं. मला वाटलं आता मिठ्या मारतील, रडारड होईल. काही झालं नाही. जाहिराती संपल्या, रुखमाबाईंनी आवाज चालू केला आणि सगळ्या पुन्हा शर्वाणीला शिव्या घालायला लागल्या, वहिनीसकट. घरी जाताना वाटेत ती म्हणाली, "ताई, रडू त आलंच नाई. कांदा न्याले पायजे होता."

दुसऱ्या दिवशी बाया आल्या. सगळ्या नाही, सातआठ. विमल एक दिवस उशिरा आली, कारण न सांगता. वहिनी त्यांच्या बरोबरीनं तासाला लागली, फोन घरी ठेवून. तिसऱ्या दिवशी दुपारी पाऊस आलाच. नाल्याकडची पट्टी राहिली होती, तेवढी भिजली, तिची कवडी झाली. बाकीचा कापूस घरात आला होता. भाऊबंद दारातून उठून आपापल्या घरी गेले.

पाटाच्या पाण्याचं माझं भाषण मी सोडून दिलेलं नाही. ते अर्धं अजूनही खरं आहे आणि त्या अर्ध्याचा मला अजूनही संताप येतो. वहिनी तशीच स्कूटीवरून फिरली, तर आजही मागून "चढली" म्हणणारे आहेत. पण उरलेलं अर्धं शर्वाणीच्या लेखकांनी माझ्या आधी लक्षात घ्यायला हवं होतं. बाया तिच्यावर रुसल्या ते ती जिंकली म्हणून नाही. ती त्यांना काही सांगेनाशी झाली म्हणून. दूध उतू गेलं तोपर्यंत ती त्यांच्या तासातली होती. मग ती धुऱ्यावर जाऊन उभी राहिली आणि तिथून सुंदर दिसत राहिली. होळीच्या सुमारास मालिका बंद झाली. शेवटच्या भागात, शेवटच्या पाच मिनिटांत, शर्वाणीनं औषधाचं सगळं सांगून टाकलं म्हणे. रुखमाबाईंकडे तेव्हा टीव्ही बंद होता. हरभरा सोंगायला आलेला, कुणाला वेळ होता?

वहिनीनं फोनवर सांगितलं होतं तशी या गुरुवारी मी गेले. हात हलवत गेले. दही रुखमाबाईंच्या घरून आलं होतं, मडक्यातलं, कवडी पडेल असं घट्ट. भात विमलच्या घरचा. ताट वहिनीच्या हातात. ते कसं ठरलं मी विचारलं नाही, इतक्या वर्षांत एवढी अक्कल आली आहे. वहिनीनं झाडाला हळद लावली, कुंकू लावलं, नैवेद्य ठेवला. मग बाया रीतीप्रमाणे एकमेकींना कुंकू लावायला लागल्या, आणि वहिनी एका बाजूला सरकली. तिच्या बोटाला कुंकू राहिलं होतं. ते पुसायला ती पदराचं टोक शोधत होती, तेवढ्यात रुखमाबाई तिच्यासमोर कपाळ पुढे करून उभ्या राहिल्या.

वहिनी हललीच नाही. आसपासच्या बायाही थांबल्या. पांढरं कपाळ असलेल्या बाईच्या हातून सवाष्णीनं कुंकू लावून घ्यायचं, असं आमच्या शेतात कधी झालेलं नाही. रोहण्याच्या दुसऱ्या कुठल्या शेतात झालं असेल असंही मला वाटत नाही.

"लाव नं वं," रुखमाबाई म्हणाल्या. "कवापासून कपाळ धरून उभी हाय मी. ऊन चढून राह्यलं."

वहिनीनं लावलं. कुंकू वाकडं लागलं, थोडं नाकावर सांडलं. रुखमाबाईंनी पुसलं नाही. विमल काही पुढे आली नाही, तिनं आपल्या बोटानं आपल्याच कपाळी लावून घेतलं. दहीभात मात्र दोनदा घेतला. मग सगळ्या तासाला लागल्या. वहिनी माझ्या शेजारच्या तासात होती. वेचता वेचता ती रडत होती, आवाज न करता, ओटीत कापूस टाकत. बायांना दिसत होतं. कुणी हळहळलं नाही, कुणी बस म्हणालं नाही. रुखमाबाई तेवढ्या आपला तास सोडून मागे आल्या, तिच्या तासातली चार झाडं वेचली, आणि पुन्हा आपल्या तासाला लागल्या.